टिंबानंतर दोन ठोके

"मुकी हाय का गं ती?"

सरांनी टाळी वाजवून टायपिंगच्या वर्गातली सगळी मशिनं थांबवली होती आणि त्या अचानक झालेल्या शांततेत माझ्या पाठीमागे कुणीतरी हे विचारलं. आवाज नवा होता. मी रोलरमधला कागद उगाचच सरळ करत राहिले.

"मुकी कशाची? इंग्लिश मीडियमची आहे," मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली. "आपल्याशी बोलली तर तिचं इंग्लिश बाटेल ना."

तिची मैत्रीण फिसकन हसली. नवा आवाज हसला नाही. "पन मग हितं करमत कसं आसंल तिला?" एवढंच म्हणाला, आणि जरा वेळानं त्या आवाजाची बाई येऊन माझ्या शेजारच्या मशीनवर बसली. तिशीच्या आसपासची, ठेंगणी, फिकट निळं पातळ, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर. तिनं कापडी पिशवीतून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढला, कागदाच्या तुकड्यावर ठेवून माझ्या बाजूला सरकवला. मी मान हलवली. मराठीत काय म्हणायचं ते माझं ठरेपर्यंत सरांनी पुन्हा टाळी वाजवली होती.

मी मुकी नव्हते. पण त्या वर्गात पहिल्या दिवसानंतर बोललेही नव्हते. वडील फौजेत सुभेदार, त्यामुळे माझं लहानपण छावण्यांमधून गेलं, आणि पुढची शाळा साताऱ्याच्या वरच्या डोंगरातल्या इंग्रजी वसतिगृहात. मराठी मला समजायची सगळी. बोलताना मात्र मध्येच हिंदी यायची आणि कुठली वस्तू 'तो' आणि कुठली 'ती' याचा गोंधळ व्हायचा. वडील निवृत्त होऊन साताऱ्यात घर करून राहिले आणि मला सांगलीला आत्याकडे टायपिंग शिकायला पाठवलं. मीच मागितलं होतं ते. टायपिस्टला फार बोलावं लागत नाही, असं माझ्या मनात होतं. पहिल्याच दिवशी मी सरांना विचारलं, "सर, माझा मशीन कुठला?" मागची रांग खो खो हसली. "माझा मशीन! माझा मशीन!" जिन्यातून उतरतानाही ते कानावर येत राहिलं. त्यानंतर मी विचारायचं सोडून दिलं. मान हलवून पुष्कळ काम भागतं.

वर्ग बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर होता. खाली हळदीची पोती उतरायची, त्यामुळे खिडकीतून सतत तो उग्र वास यायचा आणि उन्हाळ्यात मशीनच्या कळांवर पिवळसर धूळ बसायची. सर पूर्वी कोर्टात होते. अंगात कायम बंद गळ्याचा कोट, वरच्या खिशात लाल पेन्सिल. ते फार कमी बोलायचे आणि टेबलावर पट्टी आपटून ताल धरायचे. त्यांच्या तालात एक गोष्ट पक्की होती. वाक्य संपलं की पट्टी दोनदा नुसती हलकी टेकायची.

"टिंब आलं की दोन ठोके मोकळे," ते म्हणायचे. "एक नव्हे, तीन नव्हे, दोन. कागद कसा दिसला पाहिजे? वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा दिसली पाहिजे. साहेबाच्या टेबलावर गेलेल्या कागदात टिंबानंतर एकच जागा दिसली की साहेब ओळखतो, हा शिकलेला टायपिस्ट नाही."

तपासताना ते कागद वाचत नसत. खिडकीपाशी जाऊन उजेडात धरत आणि पांढऱ्या फटी बघत. जिथं फट चुकलेली असेल तिथं लाल गोल. शेजारी काही लिहायचे नाहीत. ज्याला गोल मिळाला त्याला आपली चूक कळणारच, असं ते धरून चालायचे.

आणि त्यांचा एक रिवाज होता. प्रत्येक चाचणीच्या आधी हात टाळीसाठी वर उचलून ते विचारायचे, "कुणाला काही शंका?" मग थोडं थांबायचे. कुणाला कधीच शंका नसायची. मग टाळी पडायची आणि सगळी माडी एकदम कडकडायला लागायची.

शेजारच्या बाईंना सगळे अक्का म्हणायला लागले, मनातल्या मनात मीही. त्या शिराळ्याच्या. तिथल्या एका कचेरीत तात्पुरत्या टायपिस्ट होत्या. मराठी टायपिंगची परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या. इंग्रजीची राहिली होती आणि ती झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती. बिनपगारी रजा काढून त्या सांगलीत मावसबहिणीकडे राहायला आल्या होत्या. हे मला त्यांनीच सांगितलं, माझ्याकडून उत्तराची अपेक्षा न ठेवता, शेंगदाणे सोलता सोलता.

"आमच्या गावात नागपंचमीला पोरं जित्ता नाग हातात धरत्यात," त्या एकदा म्हणाल्या. "माज्या भावानं बी धरलाय. मी बी घाबरत न्हाई. पन हे इंग्लिश मशीन बघितलं की पोटात गोळा येतोय बघ."

मला हसू आलं. माझं हसू बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मागच्या रांगेला वळून सांगितलं, "हासली गं, हासली!"

त्यांना गोल फार पडायचे. बोटं उत्तम चालायची, अक्षर चुकायचं नाही, तरी कागदभर लाल गोल. सर कागद परत देताना म्हणायचे, "जागा, बाई, जागा! लक्ष कुठं असतं?" अक्का कागद डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. मग माझ्याकडे बघून खांदे उडवायच्या. "ह्या टिंबाला दोन ठोके दिले, ते बरुबर. त्या टिंबाला दोन दिले, त्याला गोल. सरांच्या मनात यील तसं."

मला कारण कळलं ते पाठकोऱ्या कागदांमुळे. वर्गात नवा कागद फक्त चाचणीला मिळायचा. सरावासाठी एकमेकांच्या वापरलेल्या कागदांची कोरी बाजू घ्यायची. एका दुपारी माझ्या वाट्याला आलेला कागद अक्कांचा निघाला. तो रोलरवर चढला तेव्हा मागचा उजेड त्यातून आला आणि त्यांच्या ओळी उलट्या दिसायला लागल्या. अक्षरं उलटी होती म्हणून मी ती वाचली नाही, सरांसारख्या फक्त फटी बघितल्या. मग कागद काढून सरळ धरला. कुठंतरी एक डॉक्टर होते, एक मिस्टर होते, कुणाच्या नावाआधी दोन आद्याक्षरं होती, एक नंबर होता. इंग्रजीत हे सगळं तोडून लिहितात आणि पुढे टिंब देतात. तिथं वाक्य संपत नाही, म्हणून एकच ठोका हवा, पण अक्कांनी त्या प्रत्येक टिंबानंतर दोन मोकळे ठोके दिले होते. वाक्य संपल्यावरही दोनच. सरांनी सांगितलं होतं अगदी तसं. टिंब आलं की दोन.

त्या वाचत नव्हत्या. एकेक अक्षर पुस्तकातून उचलून कागदावर ठेवत होत्या, पानावरच्या नक्षीवरून रांगोळी काढावी तशा. वाक्य कुठं संपलं हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मराठीत त्यांची ही चूक होत नसे, कारण 'श्री.' म्हणून कुणी दम घेत नाही, हे त्यांना माहीत होतं. सरांना वाटत होतं, त्या निष्काळजी आहेत. त्यांना वाटत होतं, सर लहरी आहेत.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण कसं सांगायचं? दहा-बारा जणांच्या वर्गात, जिथं इंग्रजी टायपिंग चाललंय, तिथं एखाद्या बाईला इंग्रजी वाचता येत नाही, हे वाक्य मोठ्यानं बोलायचं? आणि मी बोलायचं, मी?

मला सुचला तो उपाय न बोलण्याचाच होता. उताऱ्यांचं पुस्तक आम्हा दोघींत एक होतं. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि जिथं खरोखर वाक्य संपत होतं त्या टिंबांखाली शिसपेन्सिलनं बारीक टिकली दिली. इतकी बारीक, की शोधली तरच दिसावी.

अक्कांनी ती पहिल्याच ओळीत शोधली. बोट फिरवत पुढच्या टिंबांखाली बघितलं, कुठं आहे, कुठं नाही. त्या दिवशी टिकली असेल तिथं दोन आणि नसेल तिथं एक ठोका पडला. गोल कमी झाले. आठवड्याभरात जवळजवळ नाहीसेच झाले. सर कागद उजेडात धरून म्हणाले, "वा! आता कसं? लक्ष दिलं की येतं, बाई." त्या दिवशी माझ्या बाजूला नुसते शेंगदाणे आले नाहीत, शेंगदाण्याची पोळी आली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग शनिवारची चाचणी आली. परीक्षेचं केंद्र त्या वर्षी साताऱ्याला होतं आणि कुणाकुणाचे फॉर्म पाठवायचे ते सर या चाचणीवरून ठरवणार होते. सरांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" कुणालाच नव्हती. त्यांनी प्रत्येकाला एकेक सुटा छापील उतारा दिला. पुस्तकातला नव्हे. माझ्या हातात तो आला तेव्हा मी आधी टिंबं बघितली. त्या कागदावर टिकल्या नव्हत्या. सरकारी पत्र होतं आणि वरपासून खालपर्यंत साहेबांची नावं होती.

शेजारून ठोके ऐकू येत होते. आधी भरभर, मग थांबून थांबून, मग नुसतेच थांबलेले.

सरांनी सगळ्यांसमोर अक्कांचा कागद उजेडात धरला आणि बराच वेळ लाल पेन्सिल चालवत राहिले. "आठवडाभर बरोबर करता आणि आज हे?" ते रागावलेले नव्हते, दमलेले होते. "अक्का, या खेपेला राहू द्या. पुढच्या खेपेला बसा. माझ्या वर्गाचा निकालही मला बघावा लागतो."

अक्का उठून उभ्या राहिल्या. "सर, म्होरली खेप न्हाई मला. आमच्या सायेबांनी सांगितलंय, ह्या परीक्षेत झालं तर कायम करतो. न्हाईतर दुसरी बाई येतीय माज्या जागी." मग हळू म्हणाल्या, "आमच्या वस्तीतनं कचेरीत खुर्चीवर बसून काम करनारी मी पयलीच हाय, सर. खुर्ची गेली तर समदी बघत्याल."

सरांनी पेन्सिल खिशात ठेवली, पुन्हा काढली. "सोमवारी सकाळी फॉर्म पाठवायचेत," ते म्हणाले. "त्याआधी सगळ्यांची एक चाचणी घेतो, तुमच्या निमित्तानं. त्यात नीट आलं तर तुमचा फॉर्म जाईल. नाही आलं तर मात्र माझ्याकडं बघायचं नाही."

जिन्यात अक्कांनी मला गाठलं. त्यांच्या हातात आमचं पुस्तक होतं.

"ह्या टिकल्या तूच मारल्यास न्हवं?"

मी मान हलवली.

"कशापायी?"

मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिलं नाही.

"मला वाचता येत न्हाई आसं वाटलं व्हय तुला?" त्यांचा आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली होती. "मॅट्रिक हाय मी. पास झाल्याली." त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि माझ्यासमोर एकेक टिकली पुसायला सुरुवात केली. कागद फाटेल असं वाटलं. "कुनाच्या टिकल्यांवर नोकरी नगं मला." आणि त्या उतरून गेल्या.

त्या काळी इंग्रजी विषय न घेताही मॅट्रिक होता यायचं, हे मला आत्यानं त्या रात्री जेवताना सांगितलं. मी कुणाबद्दल विचारतेय ते तिनं विचारलं नाही. रविवारी दिवसभर मी तिच्या घरात इकडून तिकडे फिरत होते. अक्कांच्या घरी जाऊन सांगावं, तर त्या ऐकून घेणार नाहीत. घेतलं तरी ती मदत होणार, आणि मदत त्यांनी अंगठ्यानं पुसून टाकली होती. सरांना बाजूला घेऊन सांगावं, तर सर दयाळू आहेत, ते अक्कांना मोठ्या आवाजात दया दाखवतील. कुठल्याही बाजूनं गेलं तरी ते एक वाक्य अक्कांच्या अंगावर पडणारच होतं.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना मला दिसलं की ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पाडता येईल. जिला इंग्रजी येत नाही असं त्या वर्गात कुणीच म्हणणार नाही, तिच्या, म्हणजे माझ्या.

मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून वाक्य म्हणून बघितलं. पहिल्यांदा त्यात हिंदी आली. दुसऱ्यांदा ती काढली, तर वाक्यच उरलं नाही.

"कुणाशी बोलतेस गं?" आत्या दारातून म्हणाली.

"कुणाशी नाही."

"मग बोल की कुणाशी तरी. सुभेदाराची लेक ना तू? आरशाला कसली सलामी देतेस?"

सोमवारी अक्का माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. पातळ तेच, पण कडक इस्तरी केलेलं. माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या दोघींच्या मशिनांमधल्या जागेत कागदाचा तुकडा नव्हता, शेंगदाणे नव्हते. सरांनी उतारे वाटले. मी माझ्या उताऱ्यावरून नजर फिरवली. दुसऱ्याच ओळीत एक डॉक्टर होते, त्याखाली एक मिस्टर. अक्कांनी बोटं कळांवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या की अक्षरं म्हणत होत्या, कोण जाणे.

सरांचा हात वर गेला.

"कुणाला काही शंका?"

ते नेहमीसारखे थांबले. खाली कुणीतरी हमालांना हाका मारत होतं. त्या थांबण्याएवढाच वेळ माझ्याकडे होता आणि तो किती कमी आहे ते मला माहीत होतं, कारण इतके दिवस तो मी गप्प बसून ऐकलेला होता. माझ्या स्टुलाचा पाय फरशीवर करकरला. मी उभी आहे हे मला सगळ्यांनी वळून बघितल्यावर कळलं.

"माझा एक शंका आहे, सर."

"माझा शंका!" मागून आलंच. "अगंबाई, बोलली! आणि काय बोलली!" हसण्याची लाट पुढच्या रांगेपर्यंत आली. गुडघे टेबलाच्या कडेला टेकवून मी उभी राहिले. अक्कांनी डोळे उघडले होते आणि त्या वर माझ्याकडे बघत होत्या. हसत नव्हत्या.

सरांचा वर गेलेला हात तसाच राहिला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या प्रश्नाला बहुधा कुणी उत्तर दिलंच नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला, पट्टीनं टेबलावर आपटून मागची रांग गप्प केली आणि म्हणाले, "विचार, बाळ."

रविवारी पाठ केलेलं वाक्य सापडलं नाही. मग जे होतं ते, जसं आलं तसं, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी बोलले.

"सर, डॉक्टरचं टिंब असतं, मिस्टरचं टिंब असतं, तिथं वाक्य संपत नाही, माणसाचं नाव अजून यायचं असतं. त्या टिंबानंतर एक ठोका द्यायचा की दोन? मला कळत नाही, सर. तुम्ही एकदा अशी सगळी टिंबं फळ्यावर लिहून दाखवा."